वास्कोची चाल

"संजू, हेका वयलो आवाज पावना."

ह्याला वरचा आवाज पोचत नाही, असं दादाने म्हटलं तेव्हा मी पेजेची वाटी आणि कुलेर घेऊन साईशच्या मागून खोलीभर फिरत होते. मी थांबलेसुद्धा नाही.

"खंयचो वयलो?"

"चालीतलो. वयले दोग गातात मगे, ते. खालचो पावता, वयले पावनात. तूं फकत पळय."

दोन वर्षांपूर्वीचा, चतुर्थीच्या आधीचा रविवार होता तो. साईश एक वर्ष दहा महिन्यांचा. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ प्रज्योत, पाळीहून स्कूटरने आमच्याकडे आमोण्याला आला होता. येताना दोन तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आणली होती, आणि कापडी पिशवीतून त्याचा लहानपणचा टीव्ही गेम. पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा डबा, वर कॅसेट खुपसायची खाच. त्याला दादाने स्वतः बनवलेला लाकडी स्पीकर जोडला होता आणि बाजूला दोन बटणं बसवली होती. एकाखाली मार्करने 'वर' लिहिलेलं, दुसऱ्याखाली 'खाली'.

त्याने 'खाली' दाबलं. धुम-धुम-धुधुम असा जाड सूर सुरू झाला. साईश खेळणं टाकून धावत आला, स्पीकरवर तळहात टेकून गुडघ्यांत वाकून नाचू लागला. मग दादाने ते बंद करून 'वर' दाबलं. पीं-पीं-पिपीं माझ्या कानात शिरली. साईशने हात काढला, स्पीकरकडे पाहिलं, थोडं थांबला आणि आपल्या प्लॅस्टिकच्या ट्रककडे निघून गेला.

"तीन फावटी केलें हांवें," दादा तीन बोटं दाखवत म्हणाला. "तीनूय फावटी तशेंच."

"तुजी ती पीं-पीं कोणाक आवडटा रे दादा? माका तरी खंय आवडटा? ताका आवडना, सोपलें."

"आवडीची गजाल न्हय ही, बाय. एकदां कान दाखय दोतोराक."

मी रात्रभर जागलेली होते, साईश दात येताना किरकिर करत होता, पेज गार होत होती. ही कारणं मी नंतर गोळा केली. तेव्हा मी, दादाला मूलबाळ नाही हे माहीत असून, एवढंच म्हटलं, "तुका भुरगीं नात दादा. भुरग्यांचें तुका कितें कळटा?"

स्वयंपाकघरात आदोळीवर खोबरं किसण्याचा आवाज थांबला. सासूबाई आत होत्या.

दादाने वायर कोपर ते अंगठा अशी नीट गुंडाळली, रबर लावलं. "हांव चुकलों आसन," म्हणाला. चहा प्यायला, साईशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. त्यानंतरही तो येत राहिला. डबा मात्र आणला नाही.

मी काळजी करणारी बाई आहे. साईशच्या जन्मापासून माझ्याकडे वही आहे. किती वाजता प्यायला, किती वेळा लंगोट बदलला, ताप किती, अगदी दशांशासकट. उकळलेलं पाणी मी पुन्हा उकळते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमची सून पिकें केळेंय उकडून दीत." बी. कॉम.ला मला हिशेबतपासणीत कॉलेजमध्ये सर्वांत जास्त गुण होते. मी जे तपासते ते सुटत नाही, असा माझा समज होता.

आणि दादाची ती चाल मला खरंच आवडत नव्हती. लहानपणापासून.

तो डबा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. आमचे बाबा, कृष्णनाथ, सरकारी बसवर ड्रायव्हर होते. वास्कोच्या खेपेला गाडी दोन तास उभी असायची. तिथे बंदराबाहेरच्या एका दुकानातून त्यांनी तो दादासाठी आणला. दादा तेव्हा अकरा वर्षांचा. खोक्यावर नऊशे नव्व्याण्णव खेळ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात सातच, बाकीचे त्याच सातांचे रंग बदललेले. त्यातला दादा एकच खेळायचा. एक होडीवाला नदी पार करतो, मधे ओंडके येतात, मगरी येतात. होडी चालू असेपर्यंत मागे चाल वाजत राहायची. चाळीस सेकंदांची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. आई सांगायची, संजू अंगाईवर निजली नाही कधी, होडीवाल्यावर निजायची.

मोठी झाल्यावर मला तिचा वैताग आला. मी साखळी गावी जाऊन गाणं शिकले, दोन परीक्षा दिल्या. मला गाण्यात शब्द लागतात. दादाला शब्द नको असायचे. रेडिओवर गाणं लागलं की तो सुरुवातीचं आणि कडव्यांमधलं वाजवणं तेवढं कान देऊन ऐकायचा, गाणारा गायला लागला की उठून जायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "शब्द आयले की गाणें दुसऱ्याचें जाता."

बाबा भजनी. त्यांना तो डबा म्हणजे शिक्षाच वाटायची. "यंत्र रडता रे तें," ते म्हणायचे. दादा त्यांना समजावायचा. "रडना बाबा, गाता. चार जाण आसात भितर. वयले दोग गातात, एकटो खालचो सूर धरता, आनी चवथो टाळ मारता. तुमच्याच भजनाभाशेन." बाबांनी कपाळाला हात लावला होता.

पण दादा भजनात पेटी वाजवायला बसू लागला तो त्यांच्यामुळेच. सोळाव्या वर्षी श्रावणातल्या सप्ताहात त्याने एका अभंगाला नवी चाल लावली. मंडळींनी लगेच उचलली. देवळाच्या चौकात दोन गडी वरचा सूर धरून, मृदंग खाली, टाळ मागे. संपल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "खंयची रे ही चाल?"

दादा म्हणाला, "वास्कोची."

"वास्कोक इतले बरे भजनी आसात?" बाबा खूश झाले. दुसऱ्या दिवशी वास्कोच्या खेपेला त्यांनी कंडक्टरलाही ती गाऊन दाखवली. तो होडीवाला आहे, हे फक्त मला ठाऊक होतं. मी चार वर्षांची होते, पण ओळखलं. दादाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मंडळींत आजही तिला वास्कोची चाल म्हणतात. बाबा गेले, आई गेली, दोघांनाही पत्ता लागला नाही.

तर, साईश.

त्याला ऐकू येतं याचे पुरावे आमच्याकडे ढिगाने होते. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, त्याचा भोंपा वाजला की साईश सगळ्यांत आधी जनेलाच्या गजांशी. थाळी आपटली की दचकायचा. देवळातली मोठी घंटा वाजली की टाळ्या पिटायचा. चतुर्थीत आरतीला घुमट वाजू लागलं तर तो वाजवणाऱ्याच्या मांडीवरच चढून बसला, घुमटाच्या मातीच्या पोटावर दोन्ही हात ठेवून. बाजूला कासाळें, म्हणजे मोठ्या झांजा, कानठळ्या बसतील इतक्या झणझणत होत्या. तिकडे त्याने मान वळवली नाही. सगळे हसले. "हो घुमटकार जातलो रे दत्ता!" कोणीतरी माझ्या नवऱ्याला, दत्तप्रसादला म्हणालं. मी वहीत लिहिलं: 'घुमट आवडतं. बारीक आवाज आवडत नाहीत.'

बोलत मात्र तो नव्हता. आबा, बुबू, मम, ऊं. सासूबाईंनी मंगळवारी-शनिवारी वेखंड उगाळून जिभेला लावलं. "आमचो दत्तूय तीन वर्सांचो जायसर उलयलो ना. आतां पळय, बँकेंत दीसभर उलयता." साईश म्हणून हाक मारली तर तो बघायचा नाही. "बाबू" म्हटलं की कधी कधी बघायचा. हट्टी आहे, मामावर गेला आहे, असं आम्ही ठरवलं.

फाल्गुनात आमच्या मागच्या पडवीचं काम निघालं. चिरे भरलेला टेम्पो आला. दत्तप्रसाद ड्रायव्हरला हात दाखवत होता, मी मिस्त्रींचा चहा घेऊन मागच्या दारात होते. टेम्पो मागे येऊ लागला तशी त्याची पीं-पीं-पीं सुरू झाली. कोंबड्या बाजूला झाल्या. कुत्रं बाजूला झालं. आणि टेम्पोच्या बरोबर मागे साईश उभा होता.

तो घाबरलेला नव्हता. हसत होता. एक हात पुढे पसरून, तळहात उघडा ठेवून, घरघरणाऱ्या टेम्पोकडे तो पावलं टाकत होता. स्पीकरवर टेकायचा तसाच हात.

"साईश!" मी ओरडले. माझा आवाज घाबरले की बारीक होतो. तो वळला नाही. मी पुन्हा ओरडले. दत्तप्रसादने धावत येऊन पत्र्यावर धाडकन थाप मारली, त्याबरोबर टेम्पो थांबला आणि साईश दचकून त्या थापेकडे बघू लागला.

दीड हात अंतर होतं. मी नंतर टेपने मोजलं.

ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "वयनी, इतलो व्हड हॉर्न वाजता न्हय गो मागसून! भुरगो आयकना?"

मी साईशला कडेवर घेऊन आत गेले आणि स्वयंपाकघराचं दार लावलं. कुकरची शिट्टी झाली. तो माझ्या खांद्यावर, कुकरकडे पाठ करून, गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळत होता. शिट्टी झाली तरी त्याचं बोट थांबलं नाही. मी ताटाळ्यातलं पातेलं मुद्दाम खाली पाडलं. वळला. दुसऱ्या शिट्टीला पुन्हा नाही. हेच मी दीड वर्ष बघत आले होते. बघितलं होतं आणि वहीत आवड म्हणून लिहून ठेवलं होतं.

दुपारी मी त्याची फाईल काढली. जन्माच्या कागदांमध्ये, पारदर्शक खिशात, एक चिठ्ठी होती. श्रवण-तपासणी अपुरी, आठव्या आठवड्यात परत यावे. तो आठवडा आमच्या देवळाच्या जत्रेचा होता, घरात पाहुणे होते. मी चिठ्ठी जपून ठेवली होती. इतकी जपून की पुन्हा बघायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीची तारीख घेतली. ती बारा दिवसांनंतरची मिळाली. बारा दिवस मला काढवेनात, म्हणून साईशला घेऊन मी पाळीला दादाकडे गेले.

दादा आमच्या जुन्या घरात एकटा राहतो. रस्त्याच्या कडेला पत्रे टाकून त्याने दुरुस्तीचं दुकान केलं आहे. मिक्सर, पंखे, पंप, काय येईल ते. त्याआधी दहा वर्षं तो खाणीवर होता, माती चाळायच्या यंत्रांवर मेकॅनिक. दोन हजार बारा सालात खाणी बंद झाल्या तेव्हा घरी आला. यंत्राजवळ उभं राहून दोन माणसं बोलूच शकत नसत, म्हणायचा, नुसत्या हातांच्या खुणा. कानात कापूस घालायचे, तोही धुळीसाठी.

तो पाठ करून बाकावर वाकला होता. "दादा," मी म्हटलं. काही नाही. "दादा!" तो पंख्याची तार सोलत राहिला. मला वाटलं, आहेच अजून राग. सहा महिने फोनवरही असंच चाललं होतं. मी काही सांगायचे, तो "हां, हां" करायचा आणि ठेवून द्यायचा. मी ते माझ्या त्या वाक्याच्या खात्यात टाकलं होतं. निमूट.

साईश माझ्या हातातून सुटून त्याच्या समोर गेला. दादाने मान वर केली आणि त्याचा चेहरा फुलला. "आरे! घुमटकार! कोणावांगडा आयलो रे तूं?" मग वळून मला पाहिलं. "उलो मारूंक जायना तुका?" मी दोनदा हाक मारली होती.

मी त्याला टेम्पोचं सांगितलं. त्याने माझ्या तोंडाकडे टक लावून सगळं ऐकून घेतलं, उठला आणि आतून डबा घेऊन आला. बाकावर मांडला. खाली, वर, खाली, वर. मी साईशच्या मागे उभी राहून त्याची मान बघत होते. 'खाली'ला मान हलत होती. 'वर'ला काही नाही. मग दादाने 'वर'चा आवाज हळूहळू कमी करत नेला. मला अजून स्पष्ट ऐकू येत होतं, डासासारखं बारीक. दादाने बटणावरचं बोट तसंच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"आतां वाजता मगे?"

मी साईशच्या मागून निघून दादाच्या समोर आले.

"दादा, तुका आयकूंक येना?"

"येता."

"कितें वाजता सांग पळोवया."

त्याने होडीवाल्याची चाल गुणगुणायला सुरुवात केली. सूर बरोबर होता, जागा मात्र भलतीच. डब्यातली चाल निम्म्यावर होती आणि तो पहिल्यापासून गात होता.

शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा भैरू बाहेर बसून बूट घालत होता. बेळगावकडचा, सेंटरिंगच्या कामावर जातो. तो हसत म्हणाला, "अवो ताई, त्यांनी मला किती डाव बसवलंय हितं! भैरू, वाजतंय काय रं? वाजतंय की ओ, टुईंटुईं करतंय नव्हं! पार डबा खोलला, स्पीकर बदलला, नवीन वायर आणली. ह्येंचा डबा ब्येस हाय, मी म्हटलं, कानाचं बघा."

दादा भैरूच्या ओठांकडे बघत होता. मग त्याने मला सगळं नीट सांगितलं, पंपाचा बिघाड सांगावा तसं. तीन वर्षांपूर्वी त्याला वाटलं, डबा जुना झाला, वरचे दोघे गेले. आत दोन वेगळ्या तारा निघतात, एकीतून वरचे, दुसरीतून खालचे. त्याने दोन्ही वेगळ्या करून बटणं लावली ती बिघाड शोधायला. डब्यात बिघाड नव्हता. "दुसरें खंयचेंय गाणें आसतें जाल्यार माका कळचेंच नाशिल्लें," तो म्हणाला. "कमी कितें जालां तें कळपाक पयलीं सगळें पाठ आसूंक जाय. माका हें एकच पाठ."

"आनी साईशाचें?"

"हांव जंय थांबतां, थंयच तो थांबलो गो. दुसरें कितें ना."

मग मी ते म्हटलं, जे म्हणायला मी खरं तर आले होते. खाली बघत, हळू आवाजात. तुला मुलं नाहीत म्हणून बोलले ते चुकलं.

"कितें?" दादाने कानामागे हात धरला.

"चुकलें म्हणटां!"

"कोणाचें चुकलें?"

"म्हजें! तुका भुरगीं नात म्हणून म्हटलें तें! माफ कर म्हणटां!"

मला ओरडावं लागलं. बूट घालणारा भैरू थांबला, मिक्सर घेऊन आलेली एक बाई दारातच उभी राहिली, समोरच्या पसऱ्यावरचा दुकानदार वाकून बघू लागला. दादाने त्या सगळ्यांकडे एक नजर टाकली.

"बरें, बरें," तो म्हणाला. "आतां आवाज साखळीमेरेन पावलो आसतलो. च्या घेतली?"

तपासणीला एका छोट्या, जाड भिंतींच्या खोलीत साईशला मांडीवर घेऊन मी बसले. मॅडम तरुण होत्या. तासाभराने त्यांनी मला आलेख दाखवला. रेघ डावीकडे जवळजवळ सपाट होती आणि मध्यापासून उजवीकडे घसरत खाली गेली होती, चोर्ल्याच्या घाटासारखी. जाड आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. दोन्ही कान. बोलण्यातले बारीक आवाज म्हणजे स, श, त, च. "त्याच्या नावातल्या दोन्ही बाजू त्याला मिळत नसतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही साईश म्हणता, त्याला मधलं तेवढं ऐकू येतं." मी मनातल्या मनात दोन्ही टोकं काढून पाहिलं. 'आई' उरलं. दोन वर्षं मी त्याला तेवढ्यानेच हाक मारत होते, आणि हट्टी म्हणत होते.

"कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"मामाच्या. व्हिडिओ गेमवर. त्यालाही वरचे सूर ऐकू येत नाहीत, दहा वर्षं खाणीवर यंत्रांजवळ होता."

त्यांनी ते लिहून घेतलं. मामालाही घेऊन या, म्हणाल्या. यंत्रकामाचे कान असणार.

जूनमध्ये साईशला दोन्ही कानांना यंत्रं लागली. पहिले पंधरा दिवस त्याने ती उपटून टाकली, एकदा विहिरीच्या पाळीवर ठेवून आला. मग हळूहळू ठेवू लागला. एका सकाळी सासूबाई आमटीला फोडणी देत होत्या. कढीपत्ता तेलात पडला, चुर्र झालं, आणि जमिनीवर बसलेला साईश वळला. सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दोन पानं तोडून टाकली. पुन्हा वळला. त्या दिवशी आमटीत कढीपत्ताच जास्त होता.

त्या रविवारी दादा डबा घेऊन आला. मी बोलावलं होतं. मला वाटत होतं, आता साईश वरचे दोघे पहिल्यांदा ऐकेल, हसेल, नाचेल. माझ्या हातात मोबाईल तयार होता, व्हिडिओ काढायला.

दादाने 'वर' दाबलं. पीं-पीं-पिपीं.

साईशने स्पीकरकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. दोन्ही हात कानांवर ठेवले. मग सरळ पुढे गेला, मामाचं बोट बटणावरून बाजूला केलं, 'वर' बंद केलं आणि 'खाली' दाबलं. तळहात स्पीकरवर टेकला आणि गुडघ्यांत वाकून नाचू लागला.

दादा असा हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पळयलें?" तो मला म्हणाला. "आतां ही आवड!"

मी वहीत लिहिलं: 'खालचा सूर आवडतो.' त्यापुढे तारीख घातली. पहिल्यांदाच बरोबर नोंद झाली.

साईश आता पावणेचार वर्षांचा आहे. बोलतो. उशिरा सुरू झाला, पण सासूबाई म्हणतात तसा थांबत नाही. मामाला 'वाश्को' म्हणतो.

दादा मात्र तपासायला गेला नाही. मी तीन वेळा तारीख घेतली. एकदा पंप आला होता, एकदा स्कूटर पंक्चर, एकदा नुसतंच "फुडल्या म्हयन्यांत". शेवटी मी चिडून विचारलं, तुला भीती कसली वाटते? तो म्हणाला, "भंय न्हय गो. यंत्र घाल्यार माका तें डब्यांतलें आयकूंक येतलें. आतां जें हांगा वाजता," त्याने कपाळाला बोट लावलं, "तें ताच्यापरस बरें आसा." मी म्हटलं, आणि मागून ट्रक आला तर? "स्कूटराक आरसो आसा." विनोद करायची त्याची ही पद्धत. पाळीच्या त्या वळणावर आरशात काय दिसतं, ते मी पाहिलं आहे. झाडी.

मी आमोण्याला असते. लहान मूल, घर, सासूबाईंचे गुडघे, रोज मला जाता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूचं असेल, श्रावणात पाळीला देवळातल्या सप्ताहाला जाणार असेल, तर एक करा. आमची मंडळी बसली की पेटीवर एक चष्मेवाला माणूस दिसेल, त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा, हल्ली पेटी जरा मोठ्याने वाजवतो. त्याला मागून हाक मारू नका. समोर जा, तोंडाकडे बघून बोला. प्रज्योत, कान बरे मरे, असं विचारलंत तर तो हो म्हणेल, ते खरं धरू नका. वास्कोची चाल सुरू होईपर्यंत थांबा. वरचे दोघे सूर उचलतील तेव्हा त्याच्या गुडघ्याकडे बघा. तो पेटीच्या लाकडाला टेकवून ठेवलेला असेल, साईश तळहात टेकवतो तसा. टेकलेला दिसला, तर समजा की तो आता लाकडातून ऐकतो आहे, आणि त्याचं वाजवून संपू द्या. मग त्याला चहाला बसवा आणि मला कळवा, मी तपासणीची तारीख घेऊन येते.